चालू कॅमेरा

"ही पिशवी नको घेऊस," दुकानदार म्हातारा म्हणाला. "उथळ पाण्यात मासे बघणाऱ्या हौशी लोकांसाठी आहे ती. बावीस मीटरवर नेलीस तर कॅमेऱ्याची भाजी होईल."

"मग तो धातूचा?"

"तो घ्यायचा तर आधी दुकानच विकत घे, लेका."

एरवी धाकटा हसला असता. तो गोदीतला पाणबुड्या, जहाजांचे तळ खरवडून पोट भरणारा. म्हाताऱ्याचंही सारं आयुष्य त्याच कामात गेलेलं. पाण्याखाली कॅमेरा न्यायला जे हाउसिंग लागतं, त्याला हे लोक सरळ डबा म्हणतात. धाकट्याला डबा हवा होता, आजच हवा होता, आणि खिशात काय आहे ते सांगायचीही त्याला लाज वाटत होती.

गोदीत दोघा भावांना सगळे थोरला आणि धाकटाच म्हणत. थोरला मोठी जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर इंजिन सांभाळायचा. पंधरवड्यापूर्वी ती बोट धक्क्याला बांधलेली असतानाच बुडाली आणि तो आतच राहिला. त्याला बाहेर काढणारा कंपनीचा पाणबुड्या सांगून मोकळा झाला, की समुद्राचं पाणी इंजिनाकडे घेणारी झडप उघडी होती. म्हणजे दोष इंजिनवाल्याचा. झालं! मेलेल्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडायला कुणाचं काय जातं? फाटकावरची माणसंसुद्धा त्याला हलगर्जी म्हणू लागली. वहिनी तर बाजारात जायचीच थांबली.

धाकट्याने कंपनीच्या साहेबाच्या टेबलावर हात आपटला होता. "माझा दादा झडप उघडी टाकणारच नाही! हातच्या काकणाला आरसा कशाला? तरी मी चित्रण करून आणतो. पाण्यात उतरल्यापासून वर येईपर्यंत कॅमेरा एकदाही बंद करणार नाही, आणि डबा तुमच्यासमोर उघडेन. मग तर झालं?"

"उद्या दुपारपर्यंत आण," साहेब म्हणाला होता. "परवापासून बोट पाण्यातच कापायला घेणार आहोत."

म्हाताऱ्याने शेवटी माळ्यावरून जाड प्लास्टिकचा एक जुना डबा काढला. बाहेरून ओरखडेच ओरखडे, पण पुढची काच स्वच्छ. थोरल्याचा कॅमेरा त्यात अगदी मापाने बसला. म्हाताऱ्याने झाकणाखालची रबरी कडी नवी घातली आणि तिच्यावरून बोट फिरवून केस, कण काही राहिला नाही ना ते पाहिलं.

"आधी आत कागद ठेवून नुसता डबा बुडवायचा. कागद कोरडा आला तरच कॅमेरा घालायचा. घाई करणारे सगळे माझ्याकडे दुसरा कॅमेरा शोधत येतात."

"कितीला?"

"आधी दादाची झडप दाखव. मग बोलू."

संध्याकाळी धाकट्याने दगड बांधून डबा धक्क्यावरून तळापर्यंत सोडला. कागद कोरडा ठणठणीत वर आला, आणि हा एवढा मोठा गडी तिथेच हमसाहमशी रडला.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर साहेब होता, क्रेनवाला होता, काठी टेकत म्हाताराही आला होता. वहिनीने कॅमेऱ्याची काच बाहीने पुसून दिली. "भाऊजी, कंपनी भरपाई देवो न देवो. त्यांचं नाव तेवढं धुऊन आणा."

खाली गढूळ काळोख. इंजिनाच्या खोलीत बॅटरीच्या उजेडात आधी दिसली ती पाण्याची गाळणी. तिचं झाकण काढून शेजारी ठेवलेलं. चारही नट दादाच्या पत्र्याच्या मगात नीट घातलेले. केवढा टापटिपीचा माणूस! साफ करायला गाळणी उघडली होती त्याने. पण ती उघडण्याआधी झडप बंद करायची असते. दांडा नळीला आडवा असला की झडप बंद, नळीच्या रेषेत असला की उघडी.

दांडा नळीच्या रेषेत होता.

धाकट्याने डोळे मिटून उघडले. हाताने चाचपून पाहिलं. "अरे दादा, काय केलंस रे हे!" तो तोंडातल्या नळीतच ओरडला, आणि नुसते बुडबुडे वर गेले. पाव फेरा, बस. दांडा फिरलाही असता. पण कॅमेरा सगळं बघत होता, आणि तो थांबवला तर तुटक चित्रण साहेब बघणारही नव्हता. त्याचाच शब्द त्याच्या अंगाशी आला होता.

वर येताना पाणबुड्यांना वाटेत थोडं थांबावं लागतं, तिथे त्याने डब्याची खिट्टी काढली. झाकण हललं नाही. पाण्याचा दाब ते असा धरून ठेवतो, की खोलवर डबा माणसाच्या हाताने उघडत नाही. म्हणजे जे करायचं ते वरच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

शिडी हाताला लागली. डोकं बाहेर, हात पाण्यात. या खेपेला झाकण उघडलं. डबा तरंगला आणि दादाचा कॅमेरा गाळात गेला.

"गेला! खिट्टी निसटली!"

"स्वस्तातला माल," साहेब म्हणाला. "आता आमच्या माणसाचा अहवालच कायम." आणि तो गाडीकडे चालू लागला.

म्हाताऱ्याने डबा हातात घेतला. खिट्टी लावून पाहिली, काढून पाहिली. कट्ट आवाज करून ती घट्ट बसत होती. त्याने धाकट्याकडे पाहिलं.

"चूक माझी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "खिट्टी सैल होती. मी बघायला हवं होतं."

वहिनी शिडीपाशी वाकली होती. "कॅमेरा जाऊ द्या, भाऊजी. तुम्ही पाहिलंत ना? काय होतं?"

"बंद होती, वहिनी. घट्ट बंद."

"असणारच! घरचा नळसुद्धा दोनदा बघितल्याशिवाय झोपायचे नाहीत ते."

ती ताठ उभी राहिली. क्रेनवाल्याला तिने सांगितलं, दोरखंड गुंडाळणाऱ्यांना सांगितलं, फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही थांबवून सांगितलं, "बंद होती हो झडप. धाकट्यांनी डोळ्यांनी पाहिली." आणि तिच्या मागून सिलेंडर पाठीवर घेऊन चालणारा धाकटा दर वेळी थांबून मान हलवत होता, होय म्हणत होता.