मोकळा बोळ

जगातली सगळी राज्यं रस्त्यांवर उभी राहिली आणि रस्त्यांपायीच बुडाली. आमच्या ग्रामपंचायतीपुढे १९९५ साली जो रस्ता आला तो एकशेचाळीस पावलांचा होता, आणि त्याच्या मधोमध आबासाहेबांची म्हैस बांधलेली असे.

त्याला रस्ता म्हणणंही जास्तच. बोळ. एका टोकाला पारनेरची सडक, एस.टी.चा थांबा, चहाच्या टपऱ्या. दुसऱ्या टोकाला कमरेएवढी दगडी भिंत आणि भिंतीपलीकडे भीमनगर. भिंत कुणी घातली हे कुणाला आठवत नव्हतं. ती पाडायची नाही, हे मात्र बोळातल्या सगळ्यांच्या लक्षात होतं. भीमनगरची माणसं ओढ्यातून वळसा घालून थांब्यावर येत. सहादेव भिंगारदिव्याला ते जमण्यासारखं नव्हतं. लहानपणी पोलिओनं त्याचे दोन्ही पाय नेले होते, आणि त्या वर्षी सरकारकडून मिळालेल्या हातानं चालवायच्या तीनचाकी सायकलीची चाकं ओढ्याच्या वाळूत रुतत. सहादेव कुलपं दुरुस्त करी, किल्ल्या बनवी. थांब्यावर बसायला मिळालं तर धंदा होता. भीमनगरात कुलपं बिघडून बिघडून किती बिघडणार? त्यानं अर्ज दिला, भिंत काढून बोळ खुला करावा.

ग्रामसभा शाळेच्या ओट्यावर भरली.

"बोळ उघाडला का टेम्पो घुसनार," आबासाहेब म्हणाले. त्यांचं घर बोळातलं, म्हैस वर सांगितलीच. "सुप्याला कारखानं झाल्यात. उद्या ट्रक बी येत्याल. आमची पोरंढोरं कुटं जायाची?"

"आबासाहेब, माझ्या गाडीला इंजिनच न्हाई," सहादेव म्हणाला. "लई तर म्हशीला हॉर्न दीन. त्यो बी तोंडानं."

सगळे हसले. आबासाहेबही हसले. मग हसू पुसून म्हणाले, "आज तीन चाकं. उद्या समदी वस्ती हितनंच येनार."

खरा विषय तेवढाच होता. तो एकदा बोलून झाला आणि सभा पुन्हा घाईघाईनं वाहतुकीवर आली. जो बोळ गाढवाला वळायला पुरत नव्हता, त्यात अपघात किती होतील यावर पाऊण तास चर्चा झाली.

सरपंच भाऊसाहेबांची निवडणूक तोंडावर होती. ते माझ्या कानाशी आले. मी शाळेतून निवृत्त झालेला मराठीचा मास्तर. ग्रामसेवकाच्या वाक्यांना शेवटी क्रियापद नसे, म्हणून ठराव माझ्याकडून लिहून घ्यायचा गावाचा रिवाज होता.

"गुरुजी, आसं कायतरी लिवा की दोनी बाजूंला ठराव आपलाच वाटंल."

मी लिहिलं, 'सदर भिंत काढून बोळ सर्वांच्या सोयीसाठी कायम मोकळा ठेवण्यात यावा.' एकमतानं मंजूर. आबासाहेबांनी माझी पाठ थोपटली, सहादेवानं लांबून हात जोडले. 'मोकळा' या शब्दावर मी इतका खूश होतो की घरी बायकोला ठराव दोनदा वाचून दाखवला.

"छान आहे," ती म्हणाली. "पण सहादेव जाणार का त्यातून?"

बायकांना व्याकरण कळत नाही, असं मी तेव्हा मानत असे.

आठव्या दिवशी भिंत निघाली. तिच्या जागी तीन दगडी खांब उभे राहिले, माणूस अंग चोरून जाईल एवढ्या अंतरानं. वर पत्र्याची पाटी, 'ठरावाप्रमाणे बोळ मोकळा ठेवावा.' सहादेवाची सायकल खांबांत अडली. त्याची बायको रतनबाई हिनं ती तिरपी करून पाहिली, उचलून पाहिली.

"गुरुजींनी लिवलंय," आबासाहेब म्हणाले. "मोकळा म्हंजे रिकामा."

म्हैस जागेवरच होती. ती वाहतुकीत धरत नसत.

पुढच्या ग्रामसभेत सहादेवानं एकच प्रश्न विचारला. "गुरुजी, तुमी मोकळा लिवलं, ते जायाला का न जायाला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. उत्तर एका शब्दाचं होतं. पण समोर आबासाहेब होते, शेजारी सरपंच होते, आणि टाळ्यांची मला जुनी खोड.

"सहादेवा," मी म्हणालो, "शब्दच मोकळा आहे. ज्याला जसा हवा तसा त्यानं हाकावा."

ओटा हसून हसून लोळला. सरपंचांनी टेबलावर हात आपटला, "विषय संपला!" सहादेवही थोडा हसला. तेवढं हसू मला आजवर कुठं ठेवावं ते कळलेलं नाही.

दिवाळीआधी त्यानं गाव सोडलं. रतनबाईचा भाऊ शनिशिंगणापूरच्या रस्त्याला राहायचा, तिकडे गेला. घरांना दारं नसलेल्या गावाकडं आमचा कुलूपवाला गेला, यावरही मी एक विनोद केला होता. गुन्हे सांगायलाच बसलोय, तर तोही सांगितला पाहिजे.

तीन वर्षांनी एका शनिवारी मी त्याला शोधत गेलो. माफी दोन फुलस्केप कागदांवर लिहून नेली होती. गाड्या लावायच्या मैदानाला लागून ताडपत्रीखाली तो बसला होता, शेजारी तीच तीनचाकी. किल्ली आत ठेवून गाडीचं दार लावून घेणारे भाविक पुष्कळ होते.

"म्हैस हाय का अजून?" त्यानं विचारलं.

"गेली."

"आन् खांब?"

"आहेत."

रतनबाईनं चहा आणून दिला. "तवाच बोलला आसता तर," एवढंच म्हणाली आणि मागं निघून गेली.

मी कागद काढले. उभ्यानंच वाचायला लागलो. मोकळा म्हणजे जायलाच, दुसरा अर्थ माझ्या मनात नव्हता, माझ्या मनात फक्त भीती होती. मी हे सभेत सांगेन, इतिवृत्तात लिहून घेईन. सहादेव ऐकत होता. ऐकता ऐकता त्यानं कानस पुसली, हत्यारांचा डबा मांडीवर घेतला, सायकलीवर सरकून बसला. मैदानातून एक मारुतीवाला त्याला हात करत होता.

माझं दुसरं पान निम्मं झालं होतं.

"गुरुजी," सहादेव म्हणाला, "जरा बाजूला व्हता का? गाडी निघंना."