दुर्बिणीतले आभाळ

जूनमध्ये परवान्यांची सोडत निघाली, तेव्हा एलिंग रुस्टाडने ती बातमी बायकोला सांगण्याआधी दोन तास स्वतःपाशीच ठेवली. अमेरिकेतल्या मिसूरी नदीकाठच्या तुटक्या कड्यांच्या मुलखात एल्क या थोराड हरणाच्या नराची शिकार करण्यासाठी तो सतरा वर्षे अर्ज करत आला होता आणि सतराही वेळा दुसऱ्याच कुणाचे नाव निघाले होते. आता त्याचे निघाले होते, पण ज्या वर्षी निघायला नको नेमक्या त्या वर्षी.

गेल्या नोव्हेंबरात आपल्याच कुरणांच्या वरच्या डोंगरात त्याने दीडशे यार्डांवरच्या एका तरण्या नरावर गोळी झाडली होती. दणक्याने रायफल उसळली, तिच्यावरच्या दुर्बिणीत क्षणभर नुसते आभाळ दिसले आणि ती खाली येईपर्यंत जनावर झाडीत शिरले होते. रक्त सापडले, पण थोडेच. गोळी फुप्फुसात लागली असेल तर लगेच माग काढायचा. पोटात लागली असेल तर कित्येक तास थांबायचे. गोळी कुठे लागली हेच एलिंगला ठाऊक नव्हते. शेजारी व्हर्न कोल्स्टाडला बरोबर घेऊन त्याने दोन दिवस शोध घेतला. तिसऱ्या दिवशी बर्फ पडले आणि सगळ्या खुणा मिटल्या. त्या हिवाळ्यात एलिंग कुंपणाचे काम करताना मधेच थांबून त्या डोंगराकडे पाहत राही.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्याने परवान्याचा कागद मार्लिससमोर सरकवला.

"अभिनंदन," ती म्हणाली. "मग चेहरा असा का?"

"नवी दुर्बीण मागवतो. जुनीचा नेम हलतोय."

"ही तिसरी होईल, एलिंग. दुर्बिणी बदलत चालल्यात, खांदा तोच आहे."

मार्लिस बावीस वर्षे गावच्या सभागृहात नवशिक्या शिकाऱ्यांचा वर्ग विनामोबदला घेत आली होती. निम्म्या तालुक्याने बंदूक कशी धरायची ते तिच्याकडून शिकून घेतले होते. फक्त तिच्या नवऱ्याने कधी काही विचारले नव्हते.

"एक ठरवलंय," बऱ्याच वेळाने तो म्हणाला. "दोनशे यार्डांवर कागदी थाळी लावायची. दहापैकी दहा गोळ्या तिच्यात बसल्या तरच जाईन. सप्टेंबर संपेपर्यंत जमलं नाही, तर परवाना चुलीत."

"सतरा वर्षांचा?"

"पुन्हा एक जनावर तसं सोडून येण्यापेक्षा बरं."

थाळीचा तो नियम मार्लिसच्याच वर्गातला होता. एल्कच्या छातीतली मर्माची जागा साधारण तेवढीच असते. तिने परवान्याचा कागद उचलून फ्रीजच्या दारावर लावला.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी ती दोघे गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर गेली. एलिंगची रायफल तीन-अडतीस मॅग्नम होती, अस्वलालाही आडवी करील अशी. तिच्या दणक्याने उठलेला निळा डाग तो ऐन तारुण्यात शर्ट उघडून मित्रांना दाखवत असे. नवी दुर्बीण बसवली होती. दहापैकी चारच गोळ्या थाळीत लागल्या. बाकी सगळ्या खाली, मातीत.

"आता भरायचं काम माझ्याकडे," मार्लिस म्हणाली. "तू फक्त झाड."

तिने पाठ वळवून काडतूस आत सरकवले, बोल्ट बंद केला आणि रायफल त्याच्या हाती दिली. एलिंगने गाल दस्त्याला टेकवला, श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला. नुसता खट् असा आवाज झाला. काडतूस खोटे होते. त्या शांततेत सहा फूट तीन इंच उंचीच्या त्या माणसाचा खांदा पुढे झेपावला, डोळे गच्च मिटले आणि नळीचे टोक वीतभर खाली गेले.

वाऱ्यावर थाळी फडफडत होती. एलिंगने रायफल टेबलावर ठेवली.

"किती वर्षं चाललंय हे?"

"माझ्या लक्षात आलं त्याला सहा झाली."

"आणि तू बोलली नाहीस?"

"दोनदा बोलले. तू दोन्ही वेळा दुर्बीण बदललीस." मग तिचा स्वर मवाळ झाला. "यात भित्रेपणा नाही रे. शरीराची स्वतःची आठवण असते. दणका बसणार हे त्याला माहीत असतं, म्हणून ते आधीच अंग चोरतं. वर्गातल्या बारा वर्षांच्या पोरींचं होतं, तेच तुझं झालंय. त्या मात्र मला सांगतात."

एलिंगने दोन्ही हातांनी तोंड झाकले. तिला वाटले तो रडतोय. पण तो हसत होता, आणि बराच वेळ हसत राहिला.

पुढच्या रविवारी मैदानावरच्या टेबलावर तीन रायफली मांडलेल्या होत्या. प्रत्येकीच्या नळीवरचे आकडे आणि दस्ता मार्लिसने चिकटपट्टीने झाकला होता. व्हर्न कोल्स्टाड तमाशा पाहायला घडीची खुर्ची घेऊनच आला होता. त्यानेही सकाळी स्वतःच्या मॅग्नमने पाच गोळ्या झाडल्या होत्या आणि आता तो कुणी पाहत नसताना खांदा चोळत होता.

"लग्नं जमवायला बसलात की काय?" तो म्हणाला. "मुलींची तोंडं झाकलीत ती!"

"नवरा नाव बघून पसंत करतो, म्हणून झाकलीत," मार्लिस म्हणाली. "एलिंग, डोळे मीट. रायफल खांद्याला लाव. आता उघड. दुर्बिणीतून पूर्ण गोल दिसतोय का?"

पहिली रायफल डोंगर चढणाऱ्यांसाठी केलेली, अगदी हलकी होती. हातात घेताना सुख वाटले, पण झाडताना तिने गालावर चपराक मारल्यासारखे केले. वजन नसले की सगळा धक्का माणसालाच सोसावा लागतो. दुसरीच्या नळीच्या तोंडाला धक्का कमी करणारा ब्रेक बसवलेला होता. खांद्याला खरेच काही जाणवले नाही. पण आवाज असा बाजूला फुटला की व्हर्न खुर्चीसकट मागे सरकला, आणि पुढच्या खेपेला एलिंगच्या पापण्या आधीच मिटल्या.

"तू दणक्याला भितोस, तेवढाच आवाजालाही भितोस," मार्लिस म्हणाली. "ही नको."

तिसरी किंचित जड होती. दस्त्याला जाड रबरी गादी आणि त्याच्या लांब हातांसाठी दस्त्याची लांबी वाढवणारा एक तुकडा मधे घातलेला होता. डोळे उघडले तेव्हा पूर्ण गोल समोर होता. त्याने गोळी झाडली. कुणीतरी ओळखीच्या माणसाने खांद्यावर थाप द्यावी, तेवढेच जाणवले. मार्लिस मधूनमधून खोटे काडतूस भरत होती. पाचव्या खोट्या काडतुसाला नळी जागची हलली नाही.

"हीच," तो म्हणाला.

"मग काढ चिकटपट्टी."

नळीवर सात-शून्यआठ लिहिलेले होते, म्हणजे मॅग्नमपेक्षा कितीतरी कमी दणक्याचे काडतूस. दस्त्यावर निळ्या रंगात मार्लिसच्या वर्गाची खूण होती: वर्ग, क्रमांक तीन.

व्हर्नला हसू आवरेना. "अरे देवा! शाळेतल्या पोरांची बंदूक! एलिंग, मग डबाही ने आणि पाण्याची बाटली गळ्यात अडकव. एल्क तुला बघून विचारील, बाळा, तुझी बाई कुठंय?"

"बाई इथंच आहे," मार्लिस म्हणाली.

एलिंगच्या कानापर्यंत रक्त चढले होते. त्याने हळूच विचारले, "पण एल्कला पुरेल ही?"

"अडीचशे यार्डांच्या आत, चांगल्या गोळीने, जागेवर लागली तर पुरून उरेल. एल्कच्या फुप्फुसाला नळीवरचा आकडा वाचता येत नाही."

त्यानंतर सहा आठवडे तो रोज संध्याकाळी, गुरांना पाणी दाखवून झाले की, मैदानावर जाई. दहाच गोळ्या, कानांवर दुहेरी झाकणे, आणि मधे मार्लिसची खोटी काडतुसे. मोह झाला तरी अकरावी गोळी नाही. दमलेले शरीर पुन्हा जुनी सवय उकरून काढते, असे तिचे म्हणणे होते. सप्टेंबरच्या अखेरच्या शनिवारी थाळीत दहा भोके पडली. एलिंगने ती दोनदा मोजली. मग थाळी घरी नेऊन फ्रीजवर परवान्याशेजारी लावली आणि जेवायला बसला. मार्लिसने त्याला दुसऱ्यांदा मांस वाढले.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो आणि व्हर्न कड्यांच्या मुलखात तंबू ठोकून राहिले. एरवी बुटांना शेराशेराने चिकटणारी तिथली चिकणमाती गोठून दगड झाली होती. चौथ्या सकाळी, ऊन नुकतेच पाइनच्या शेंड्यांवर उतरत असताना, घळीच्या पलीकडच्या उतारावर एक नर चरत बाहेर आला. दोन्ही शिंगांना सहा-सहा फाटे.

व्हर्नने अंतर मोजले. "एकशे नव्वद," तो कुजबुजला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

एलिंग पालथा पडला आणि त्याने रायफल पाठपिशवीवर टेकवली. दुर्बिणीतली फुली खांद्यामागे नेली आणि तेवढ्यात गेल्या वर्षीचा तो रिकामा उतार त्याच्या डोळ्यांपुढे आला. त्याने बोट चापावरून काढले. न झाडणेही आपल्या हातात आहे, हे त्याने स्वतःला निक्षून सांगितले. नर दोन पावले चालला, थांबला आणि पूर्ण आडवा उभा राहिला. एलिंगने श्वास अर्धा सोडला. आत काडतूस खरे आहे की खोटे, हे जणू त्याला माहीतच नव्हते. बोट हळूहळू मागे आले.

दुर्बीण हलली, पण उसळली नाही. तिच्या गोलात नर होता, तसाच, पुरा. खांद्यामागे, चार बोटांवर, पिवळट केसांची एक लहर उठताना एलिंगने पाहिली. इतक्या वर्षांच्या शिकारीत त्याने असे काही पहिल्यांदाच पाहिले होते. मार्लिसने शिकवल्याप्रमाणे हाताने आपोआप बोल्ट ओढून दुसरे काडतूस भरले. फुली जनावरावरून ढळली नाही. नर चाळीस पावले धावला, त्याचे पाय डळमळले आणि तो गवतात कोसळला. पुन्हा हलला नाही.

"लागली?" व्हर्न धापा टाकत होता. "कुठं लागली? दिसलं का तुला?"

"खांद्यामागे. चार बोटं."

"तुला काय माहीत?"

"मी पाहिलं, व्हर्न. गोळी लागताना पाहिली."

घळ ओलांडून ते तिथे पोहोचले. एलिंगने हातमोजा काढून त्या जागेवर बोटे ठेवली. चारच. तो तिथे गुडघे टेकून बसला आणि उबदार मानेवर हात फिरवत राहिला. गेल्या नोव्हेंबरातला तो दुसरा नर काही परत येणार नव्हता. पण हा काही क्षणांतच, फार न तळमळता गेला होता, आणि हे त्याला माहीत होते. त्याच्या तोंडून एक हाक निघाली, आनंदाची, मोठी. ती घळीत घुमत गेली. पलीकडून एक डोमकावळा ओरडत उडाला.

दुपारपर्यंत मांस कापून त्यांनी पाठीवर घेतले. पहिली मागची तंगडी व्हर्नने उचलली. चढावर तो तीनदा टेकला. तिसऱ्यांदा बसल्यावर त्याने हात पुढे केला.

"दे बघू इकडे ती शाळेची बंदूक."

एलिंगने ती रिकामी करून दिली. व्हर्नने डोळे मिटले, ती खांद्याला लावली, डोळे उघडले आणि दुर्बिणीतला पूर्ण गोल न्याहाळला.

"मार्लिसचा वर्ग कधी असतो म्हणालास?"

"मार्चमध्ये. लवकर नाव दे. पहिल्या बाकावर बारा वर्षांच्या पोरी बसतात."

माथ्यावर पोहोचल्यावर एलिंगच्या फोनला रेंज आली. मार्लिसने पहिल्याच घंटीला उचलला.

"दिसली," तो म्हणाला.

"काय दिसली?"

"गोळी. आभाळ नाही दिसलं, मार्लिस. सगळं दिसलं."

मग शिक्षिकेच्या स्वरात तिने विचारले, "आणि दुसरं काडतूस भरलंस ना लगेच?"

"भरलं, बाई," एलिंग म्हणाला, आणि पाठीवरच्या ओझ्यासकट ताठ उभा राहिला.