जाहिरातीतला आकडा

कवळ्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे ताई म्हणत, अगदी मालकसुद्धा. मेणात दात बसवायचं काम तिचं. दवाखान्यातून जबड्याचा साचा यायचा आणि कधी न पाहिलेल्या माणसाचं हसू ती जुळवून द्यायची. समोरच्या टेबलावर तिची वहिनी बसे, सख्ख्या थोरल्या भावाची बायको. भावाची नोकरी गेली तेव्हा ताईनेच मालकांकडे शब्द टाकून तिला इथे आणलं होतं आणि हाताला धरून काम शिकवलं होतं.

नोकरीच्या जाहिरातीत पगार छापायलाच हवा, असा नवा नियम आला, तेव्हा कारखान्यात त्याची कोणी दखलही घेतली नाही. मग काम वाढलं आणि मालकांनी आणखी एका माणसासाठी जाहिरात दिली. जेवणाच्या सुट्टीत पॉलिशवाल्याने ती मोबाइलवर वाचून दाखवली. काम तेच, मेणात दात बसवण्याचं. अनुभव नसला तरी शिकवू. पगार तीस ते अडतीस हजार.

त्याने चुकीचं वाचलं असणार, असं ताईला वाटलं. तिने मोबाइल मागून घेतला. आकडा तोच होता. तिला बावीस मिळत होते.

आधी तिला हसूच आलं. "बघितलंस का वहिनी, आपल्यापेक्षा शिकाऊ बरा," ती म्हणाली. एरवी अशा गोष्टीवर वहिनीचा पारा आधी चढायचा. आज मात्र ती अर्धवट जेवलेला डबा बंद करत होती, आणि झाकण काही केल्या बसत नव्हतं.

"वहिनी, तुला किती मिळतात?"

"घरी बोलू ना, ताई."

"किती?"

"एकतीस."

पॉलिशवाला पाणी प्यायला म्हणून उठला तो परत आलाच नाही. ताई टेबलावर जाऊन बसली आणि कामाला लागली. मशीनचा आवाज, कोणाचं तरी बोलणं, सगळं पाण्याखालून यावं तसं येत होतं. संध्याकाळी तिने कवळी उलटीपालटी करून पाहिली, तर डावा सुळा उजवीकडे बसला होता. पहिल्या आठवड्यातल्या शिकाऊंकडून होते तसली चूक.

बसथांब्याकडे जाताना वहिनीने सगळं सांगितलं. मुलाखतीच्या आदल्या दिवशी ताईने तिला बजावलं होतं, तू आकडा सांगू नकोस, माणूस भला आहे, देईल ते घे. पण घरभाडं थकलेलं होतं. मालकांनी अपेक्षा विचारली आणि वहिनीच्या तोंडून घाबरत घाबरत आकडा निघून गेला. मालक लगेच हो म्हणाले. फक्त ताईंना सांगू नका, म्हणाले, त्यांच्या मनाला लागेल.

"दादाला माहीत आहे?"

वहिनीने होकारार्थी मान हलवली.

ताई तिथेच थांबली. आईची औषधं, आईला सांभाळणाऱ्या बाईंचा पगार, सगळ्याचा निम्मा निम्मा वाटा दोघं भावंडं उचलत होती. दोघींचा पगार सारखाच, मग वाटाही सारखाच, असं दादाच म्हणाला होता. आईसाठी दवाखान्यातल्यासारखा पलंग घेतला तेव्हा तर सगळा खर्च ताईने एकटीने केला होता, वहिनीची ओढाताण नको म्हणून.

"तेव्हा तरी बोलायचंस."

"आधी लाज वाटली," वहिनी म्हणाली. "मग इतका उशीर झाला की भीतीच वाटायला लागली."

दुसऱ्या दिवशी ताई मालकांसमोर उभी राहिली. रात्रभर घोकलेलं बरंच काही होतं. मालकांनी रोजच्यासारखी आईची चौकशी केली, सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "पण ताई, तुम्ही कधी मागितलंच नाहीत."

घोकलेलं सगळं तिथेच विरून गेलं. ते खोटं बोलत नव्हते. इतकी वर्षं त्यांना हे साधं वाटत होतं आणि तिच्या ते डोक्यातही आलं नव्हतं. पुढच्या महिन्यापासून तीस देतो, असं ते म्हणाले.

"तीस शिकाऊला देताय. मला अडतीस द्या."

अडतीस हा नुसता माणसं यावीत म्हणून लिहिलेला आकडा, असं मालक समजावू लागले. मागे दारात वहिनी येऊन उभी होती.

"मी यांच्याकडूनच शिकले," ती म्हणाली. "अजूनही अडलं की यांनाच विचारते."

मालक म्हणाले, बघतो. ते बघतच राहिले. मग ताईने इतर जाहिराती पाहायला घेतल्या. आता सगळीकडे आकडे उघडे होते. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका कारखान्यात ती मुलाखतीला गेली. तिथल्या बाईंनी अपेक्षा विचारली. ताई चाळीस म्हणाली. बाईंनी वर न बघता ते लिहून घेतलं आणि सोमवारपासून कामावर येता का, म्हणून विचारलं.

बाहेर येऊन ती पायरीवर बसून राहिली. जाहिरात वाचली तेव्हाही तिला इतका धक्का बसला नव्हता. हे एवढंच होतं?

रविवारी दादाकडे गेल्यावर त्याने खाली बघतच सांगितलं, यापुढे दोन वाटे आमचे, एक तुझा. "आधी पलंगाचे निम्मे दे," ताई म्हणाली. त्याने दिले. वहिनीने चहा आणला. आईला रात्री झोप लागते का, यावर दोघी बराच वेळ बोलल्या. दुसरं काही बोलणं मात्र दोघींनाही जमलं नाही.