होडीतलं सोवळं

बाळाला ताप होता. पाणी लावू नका, असं जव्हारच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. सासूबाईंनी मात्र नदीपलीकडच्या देवीला नवस केला होता. पौषातल्या थंडीत बाळाला रेशमी फडक्यात गुंडाळून, सोवळ्यात, त्या होडीत बसल्या. देवीपुढे ठेवेपर्यंत त्याला मीही शिवायचं नव्हतं. मी समोर बसून त्याचा श्वास निरखत होते. हे टोकाला बसले होते.

लाकूड कोरून केलेली ती अरुंद होडी पोश्या वल्हवत होता. त्याची बायको चैती करवंटीने आत झिरपणारं पाणी उपसत होती. मधल्या खडकाला होडी घासली आणि सासूबाईंचा तोल गेला. त्यांच्या हातून निसटलेलं बाळ चैतीने वरच्यावर झेललं.

"तुला गं कुणी सांगितलं शिवायला?" सासूबाई ओरडल्या.

"पोर पान्यात गेला असता, बाय."

"आता जाणारच आहे. सोवळं मोडलं, आंघोळ नको घालायला?"

काठावर उतरताच मी ह्यांचा हात धरला. "अहो, अंग भाजतंय त्याचं. डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंत ना तुम्ही?"

"कॉलेजात नवऱ्याला अडवायलाच शिकवलं वाटतं!" सासूबाई म्हणाल्या.

ह्यांनी हात सोडवून घेतला, धोतर खोचलं आणि नदीत तांब्या बुडवला. पहिल्या तांब्याला बाळ किंचाळलं. मग कण्हलं. मग नुसतं थरथरलं.

"बघ, कसा उगी राहिला," म्हणत सासूबाई त्याला घेऊन देवळाच्या पायऱ्या चढू लागल्या. फडक्याबाहेर त्याचा निळा पाय लोंबत होता.