जे आधी होईल ते

नट सुटला. तेलाची जाड धार ट्रेमध्ये पडू लागली आणि गॅरेजच्या खड्ड्यात गाडीखाली उभ्या असलेल्या मिस्त्रीने मान दुसरीकडे वळवली.

बाकीच्या गाड्यांचं तेल तो निरखून बघायचा. काळं, पातळ, जळका वास मारणारं तेल बोटांवर चोळत तो खड्ड्यातूनच मालकाला विचारायचा, "साहेब, स्वतः आंघोळ किती महिन्यांनी करता?" मालक ओशाळायचे. भिंतीवर त्याने स्वतःच्या हाताने पाटी रंगवली होती: 'इंजिन ऑइल बदला. दर पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने. जे आधी होईल ते.' शेवटची ओळ लाल रंगात होती, कारण सगळी भांडणं तिथेच व्हायची.

या गाडीचं तेल मात्र मधासारखं सोनेरी होतं. त्यातून ट्रेचा तळ दिसत होता. तळावरचा ओरखडासुद्धा.

गाडी सहामाही आजोबांची. नाव मिस्त्रीच्या बायकोने ठेवलेलं. शाळेची सहामाही परीक्षा एखाद्या वर्षी पुढे गेली असेल, आजोबांची तारीख कधी गेली नाही. ही त्यांची सातवी खेप. दर खेपेला मिस्त्री काचेच्या कोपऱ्यातल्या कागदावर किलोमीटरचा आकडा लिहायचा, आणि दर खेपेला तो आधीच्यापेक्षा बरोबर चारने मोठा असायचा. गॅरेजपासून घर दोन किलोमीटर, घरापासून गॅरेज दोन किलोमीटर. तीन वर्षांत गाडी चोवीस किलोमीटर चालली होती आणि ती सगळी ऑइल बदलण्यासाठी.

पहिल्या-दुसऱ्या खेपेला मिस्त्री बोलून बघायचा.

"आजोबा, गाडी चाललीच नाही. कशाला बदलायचं?"

आजोबांनी पाटीकडे बोट केलं होतं. "सहा महिने आधी झाले."

पाटीवरचं अक्षर स्वतःचंच होतं. मिस्त्रीने नट सोडला. पण ते तेल ओतून द्यायला त्याचा हात धजेना. त्याने ते जुन्या बनियनमधून गाळलं आणि दारातल्या आपल्या व्हॅनमध्ये भरलं. व्हॅन बायको चालवायची, शाळेच्या बारा पोरांची ने-आण करायची. तिचं ऑइल शेवटचं कधी बदललं होतं ते मिस्त्रीलाच आठवत नव्हतं. गिऱ्हाइकांच्या गाड्यांतून सवड मिळाली की करू, असं तो म्हणायचा. मग आजोबा आले आणि सवडीचा प्रश्नच मिटला. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बायकोला होतं, कारण बनियन मोजून वाळत घालणं तिच्याकडे होतं.

कुणाचं काही जात नव्हतं. तरी तो मान वळवायचा.

"दादा," वरून आवाज आला. "जरा बोलायचं होतं."

आजोबांची मुलगी आज पहिल्यांदाच बरोबर आली होती. खड्ड्याच्या काठाशी ती उकिडवी बसली. आजोबा गाडीच्या पलीकडे फडक्याने आरसा पुसत होते. आरसा स्वच्छच होता.

"येताना सगळी वाट मी हँडब्रेक धरून बसले होते," ती दबक्या आवाजात म्हणाली. "बत्तीस वर्षं बस चालवली त्यांनी. अजून वळताना मागच्या पन्नास माणसांसाठी जागा सोडतात. पलीकडच्या फुटपाथपर्यंत गेलो होतो आम्ही."

"अपघात नाही ना कधी?"

"नाही, पण आता डोळे... डॉक्टर म्हणाले, बंद करा. मी म्हटलं, बंद करा. माझी मुलगी तुमच्याच व्हॅनने शाळेत जाते, तीसुद्धा म्हणाली. ते म्हणतात, मिस्त्रींना विचार. गाडीतलं तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत. गिऱ्हाईक आहे माझ्याकडे. तुम्ही खरं काय ते सांगा. ठेवण्यात अर्थ आहे का?"

मिस्त्रीने ट्रेकडे बघितलं. 'ठेवा' म्हणावं असं त्याच्या मनात होतं. गाडी ठणठणीत होती आणि म्हातारा माणूस वर्षातून दोनदा इस्त्रीचा शर्ट घालून इथे यायचा, स्टुलावर बसून दोन तास इंजिनांबद्दल बोलायचा. पण 'ठेवा' हा शब्द ओठांवर येताच ट्रेमधलं तेल चकाकलं आणि हे आपण आजोबांसाठी म्हणतोय की व्हॅनसाठी, ते त्याला काही केल्या ठरवता येईना.

"इंजिन नवं आहे," तो शेवटी म्हणाला. "पण चालवायला कुणी नसेल तर... विका."

"ऐकलं मी," आजोबा म्हणाले. ते केव्हा जवळ आले होते कळलं नाही. फडक्याची त्यांनी घडी घातली, मग घडीची घडी घातली. "मिस्त्री म्हणतात तर विकू."

मुलगी चावीसाठी हात पुढे करून उभी राहिली. आजोबांनी चावी तिच्या हातावर ठेवली, मग पुन्हा उचलून चावीवरचा धुळीचा डाग पुसला आणि पुन्हा ठेवली.

मिस्त्री खड्ड्यातून अर्धा वर आला. "आजोबा, एक सांगायचंय. हे तेल आहे ना, हे मी दर वेळी..."

"फेकू नका हं," आजोबा घाईने म्हणाले. "चांगलं आहे." आणि गाडीच्या डाव्या बाजूला जाऊन, जिथे ते आजवर कधी बसले नव्हते तिथे, बसले.

*

सहा महिने गेले. व्हॅन पोरांची ने-आण करत राहिली.

"अहो," बायको एका शनिवारी म्हणाली, "मंगळवारी सहामाहीची तारीख. यंदा ते काही येत नाहीत. व्हॅनचं काय?"

"करतो."

"तुमचं करतो म्हणजे मला माहीत आहे. गिऱ्हाइकांना आंघोळीवरून बोलता आणि घरची गाडी..."

"करतो म्हटलं ना."

रविवारी सकाळी त्याने व्हॅन खड्ड्यावर घेतली. लग्नानंतर प्रथमच घरच्या गाडीसाठी नवा कॅन फोडला. जुनं तेल काळं येऊन पडलं तेव्हा त्याने आजूबाजूला बघितलं. सुदैवाने आंघोळीबद्दल विचारायला कुणी नव्हतं. काचेवर कागद चिकटवून त्याने तारीख आणि आकडा लिहिला, आणि बायकोला बोलावून तो दाखवला. तिने तो दोनदा वाचला.

मंगळवारी सकाळी दहा वाजता आजोबा आले. चालत आले. शर्टाला इस्त्री होती, बूट धुळीने भरले होते आणि एका खांद्याला ओढ बसेल एवढी जड कापडी पिशवी हातात होती. स्टूल नेहमीच्या जागी होतं. ते बसले, दम खाल्ला, पिशवीतून ऑइलचा नवा, सीलबंद कॅन काढून पायाशी ठेवला.

"गाडी नाही ना आजोबा आता?" मिस्त्रीने विचारलं.

"नाही."

"मग?"

"सहा महिने झाले."

मिस्त्रीने कॅनवरचं लेबल वाचलं. व्हॅनला लागायचं तेच ऑइल, तोच ग्रेड. त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सात दहाला व्हॅन आमच्या गॅलरीखाली येते," आजोबा म्हणाले. "मी उभा असतो. नातीला टाटा करायला, असं घरचे समजतात. साडेतीन वर्षांपूर्वी तुमचं इंजिन डबड्यात खडे घातल्यासारखं वाजत होतं. बारा पोरं बसतात हो त्यात."

"मग सांगायचं होतं मला."

"मिस्त्रीला?" आजोबा म्हणाले. "एका ड्रायव्हरने? ऑइल बदल म्हणून?"

मिस्त्रीने थोडा विचार केला. असं कुणी सांगितलं असतं तर त्याला आपण काय विचारलं असतं, हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

"मी पहिल्यांदा आलो ना," आजोबा पुढे म्हणाले, "तेव्हा नुसता अंदाज होता. की हा माणूस चांगलं तेल फेकणार नाही. दुसऱ्या दिवशी सात दहाला ऐकलं. आवाज बसला होता." त्यांनी फडकं काढलं. गाडी विकली तरी फडकं तेच होतं, तशीच घडी. "पिशवी जड आहे जरा. पण येता येतं. निम्म्या वाटेवर एक कट्टा आहे बसायला. घरी सांगितलंय, कामाला जातोय."

मिस्त्री तोंड उघडून सांगणारच होता की रविवारीच बदललं. पण ते सांगून झाल्यावर आजोबांनी कॅन पिशवीत घालायचा आणि दोन किलोमीटर परत चालायचं, कट्ट्यावर बसायचं, आणि मग पुढचे सहा महिने कसलीच तारीख नाही, एवढं सगळं त्याला त्या धुळीच्या बुटांवर दिसलं.

"बरं झालं आलात," तो म्हणाला. "मी विसरलोच होतो. आणतो व्हॅन खड्ड्यावर."

पोरांना सोडून आलेली बायको दारात उभी होती. "अहो, परवाच तर..."

"परवाच म्हटलं ना तुला," मिस्त्री मोठ्याने म्हणाला, "की आजोबांची तारीख आली!"

बायकोने त्याच्याकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं, कॅनकडे बघितलं. मग ती व्हॅनपाशी गेली आणि काचेवरचा कागद नखाने काढून तिने मुठीत चुरगळला.

मिस्त्री खड्ड्यात उतरला. ट्रे सरकवला, नट सोडला. मधासारखी सोनेरी धार खाली आली. या खेपेला त्याने मान वळवली नाही.

"कसं आहे?" वरून आजोबांनी विचारलं.

"काळं," मिस्त्री म्हणाला. "फारच काळं झालं होतं."

आजोबा गुडघ्यावर हात टेकून सावकाश वाकले. दारातून आलेलं ऊन थेट ट्रेवर पडत होतं. तळावरचा ओरखडा स्पष्ट दिसत होता. डोळे कसेही असले तरी एवढं दिसायला हरकत नव्हती. ते बराच वेळ बघत राहिले.

"हो ना," ते म्हणाले. "वेळेवर आलो म्हणायचं."

"अगदी वेळेवर."

धार बारीक झाली, तुटली, थेंब पडू लागले. आजोबांनी कॅनचं सील फोडलं आणि झाकण फडक्यावर नीट ठेवलं.

"आणि ते खालचं," ते म्हणाले, "फेकू नका हं."