उरलेल्या पत्रिकांची भुतं

मी एक जुनी, अर्धी फाटलेली कागदी माळ आहे. मित्रांनो, साल होतं २०२४. त्या वर्षी हॅलोविन आणि नरक चतुर्दशी एकाच दिवशी आली होती. मुरगूडच्या आमच्या घरात मात्र काहीच साजरं व्हायचं नव्हतं. दसऱ्याच्या आधी हंबीरराव आबा वारले होते. वर्षभर सण नाही, दारात आकाशकंदीलही नाही.

आबांची नात अनुजा दहा वर्षांची. हॅलोविनची भुतांची माळ कशी करायची, हे तिला शाळेत शिकवलं होतं. तिने कपाटातली जाड पांढरी कार्डं घेतली आणि त्यांची सात भुतं कापली. काजळाने डोळे काढले, तोंडं आ वासलेली काढली आणि कणकेच्या खळीने सगळी सुतळीला चिकटवली. मधल्या मोठ्या भुताला तिने लाल फेटा रंगवला. अशी मी जन्मले. मला वाटलं, माझं केवढं कौतुक होईल!

संध्याकाळी मी दारावर लागले. शेजारच्या बयाबाई दुखवट्याच्या घरी फराळाचं ताट घेऊन आल्या. तेवढ्यात वारा आला आणि माझी पाठ फिरली.

"अगं बया! ह्याच्यावर हंबीररावांचं नाव हाय की!"

मित्रांनो, ती आबांच्या उत्तरकार्याच्या पत्रिकांची कार्डं होती. असल्या पत्रिका वाचून फाडायच्या असतात, घरात ठेवायच्या नसतात. उरलेल्या फाडायला अनुजाचे वडील विजयसिंह विसरले होते.

"माझ्या बापाची भुतं करून दाराला टांगलीस व्हय गं?" ते ओरडले. त्यांनी मला खेचलं. तीन भुतं त्यांच्या मुठीत फाटली.

अनुजाने माझं दुसरं टोक घट्ट धरलं. "पप्पा, फाडू नका! समद्यांच्या दारात कंदील हाय. आपल्याच दारात अंधार. आबास्नी घर कसं गवसंल?"

"भ्या वाटत न्हाय तुला, पोरी?" बयाबाईंनी विचारलं.

"आबास्नी कशाला भ्यायचं?"

आबा गेल्यापासून त्यांची बायको, आक्का, उंबऱ्यापर्यंतही आल्या नव्हत्या. त्या भिंत धरत आल्या. माझ्या लाल फेट्यावर त्यांनी बोट फिरवलं.

"त्यांचा फेटा डावीकडं झुकायचा," त्या म्हणाल्या. "नीट काढ की. आन् आतनं बांध. लोकास्नी कशाला दावायचं?"

मी वर्षभर दाराच्या आतल्या बाजूला राहिले. बयाबाई तेवढं वर्ष अंगणातूनच हाका मारत. पुढच्या दिवाळीला कंदील लागला आणि मी ट्रंकेत गेले. अनुजा आता गडहिंग्लजला शिकते. सुट्टीत ट्रंक उघडते, मला हात लावते, पण नवी माळ करत नाही. मित्रांनो, लहान हातांनी केलेलं काही फाडण्याआधी एकदा विचारावं, हे कुणासाठी केलंस?

गेल्या माघात आक्काही गेल्या. त्यांच्या उरलेल्या पत्रिका विजयसिंहांनी एकट्याने बसून फाडल्या. शेवटची एक मात्र त्यांच्याने फाडवेना. ती त्यांनी ट्रंकेत माझ्याशेजारी ठेवली, कोरी बाजू वर करून.