हाय, चाललीय, गेली

तांदूळ निवडायला बसवावं तसं कादंबरीनं सोमीमावशीला दीर्घिका निवडायला बसवलं. खांदा कॉलनीतल्या तिसऱ्या मजल्यावर, हॉलच्या फरशीवर, दुपारी साडेतीनला, भांडी आटपल्यावर. ऐकणाऱ्याला हे खूळ वाटेल, आणि खरं सांगायचं तर खूळच होतं ते. पण शिकलेल्या माणसांची खुळं फार पद्धतशीर असतात, हीच तर पंचाईत.

कादंबरी खगोलशास्त्रज्ञ. मुंबईतल्या एका संस्थेत नोकरी, आठवड्यातले चार दिवस घरून काम. काम कसलं, तर बटू दीर्घिकांचं. आपली आकाशगंगा ही थोरली दीर्घिका. तशा थोरल्यांच्या आसपास हजारो लहानग्या घुटमळत असतात, काही इतक्या फिकट की फोटोवर बोट पुसल्याचा डाग वाटावा. प्रश्न एवढाच होता, की त्या मुळातच अशक्त आहेत, की शेजारची थोरली त्यांना ओढून ओढून विस्कटून टाकतेय? चंद्र समुद्राला ओढतो आणि उरणच्या खाडीला भरती येते, तीच ही ओढ, फक्त इथं पाण्याऐवजी तारे सुटे होतात आणि परत येत नाहीत.

विस्कटलेली कोणती आणि धड कोणती, हे शेवटी डोळ्यांनीच ठरवावं लागतं. आणि कादंबरीचे डोळे, तिच्या वरिष्ठांच्या मते, लबाड झाले होते. तिला विस्कटलेल्याच हव्या होत्या, कारण तिचा सगळा सिद्धांत त्यावर उभा. कोरी नजर आणा कुणाची तरी, असं त्यांनी सुनावलं होतं. त्यावरून तिला सोमीमावशी सुचली.

सोमी नेरे गावाच्या पुढच्या वाडीतली. आयुष्याची वीस वर्षं वीटभट्टीवर गेलेली. कच्च्या विटांच्या रांगेवरून नुसती नजर फिरवून ती सांगायची, ही भट्टीत टिकेल, ही तडकेल. गुडघे गेले तेव्हा भट्टी सुटली आणि ती कॉलनीत धुण्याभांड्याला लागली. तोंडानं फटकळ, हातानं चोख.

कादंबरीनं फोटो कागदावर छापले, पत्त्यांएवढे कापले. पांढऱ्यावर काळे डाग, म्हणजे उलटे. फिकट गोष्टी तशाच नीट दिसतात. प्रत्येक दीर्घिका दोनदा, दुसऱ्या वेळी फिरवून, म्हणजे बघणारीचा हात पक्का आहे का ते कळावं. शिवाय वीस खोट्या, कॉम्प्युटरनं बनवलेल्या. आणि वीस नुसतंच रिकामं आकाश. मग तिनं सोमीला समजावलं, की जी आहे तशी आहे ती इकडे ठेव, जी विस्कटत चाललीय ती तिकडे.

सोमीनं एक कागद उचलून विचारलं, हा फोटू कवाचा. कादंबरीला असा प्रश्न आवडायचाच. तिनं उत्साहानं सांगितलं, की फोटो या वर्षीचा, पण तिथून उजेड निघाला सहा कोटी वर्षांपूर्वी, म्हणून आपण बघतो ते जुनं. आता ती कशी आहे हे कुणालाच ठाऊक नाही. सोमी म्हणाली, "बरं." आणि कामाला लागली. घोटाळा तिथंच झाला, पण तो कळायला आठवडा गेला.

आता हेही सांगून टाकतो, कारण बाकी सगळं त्यावर आहे. कादंबरीला तेव्हा नववा आठवडा होता. याआधी दोनदा राहिलं होतं आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आतच गेलं होतं. हे फक्त नवऱ्याला, सत्यजीतला, ठाऊक. या खेपेला पनवेलच्या डॉक्टर दमयंतींनी सोनोग्राफी करून सांगितलं, की ठोके आहेत पण थोडे मंद, आकारही थोडा लहान. लहान आहे म्हणजे जाणारच असं नाही. दोन आठवड्यांनी परत बघू. बाई भली होती, पण तिनं ज्या शब्दांत सांगितलं ते ऐकून कादंबरीच्या अंगावर काटा आला. मुळातच लहान, की कुणी ओढतंय? दिवसभर हाच प्रश्न ती आकाशाला विचारायची, आणि आता तो तिच्या पोटात येऊन बसला होता. आणि ओढणारं कोण असणार तिथं? तीच. आपल्यातच काहीतरी खोट आहे असं तिला पहिल्या खेपेपासून वाटत आलं होतं. सत्यजीत जीव तोडून समजवायचा, पण असल्या गोष्टी समजावून जात नाहीत.

आठवडाभरात सोमीचं निवडून झालं. कादंबरी बघते तो दोनाच्या जागी चार गठ्ठे.

"ही हाय," सोमीनं पहिल्यावर हात ठेवला. "ही चाललीय. ही गेली." आणि मांडीखालून चौथा गठ्ठा काढून वेगळा फेकला. "ह्या कदी नव्हत्याच. उगाच दिल्यात मला."

कादंबरीनं चौथा गठ्ठा मोजला. वीस. कागदांमागचे क्रमांक यादीशी ताडून पाहिले. खोट्या वीसच्या वीस त्यात होत्या, आणि खरी एकही नव्हती. त्या खोट्या ओळखताना तिच्या संस्थेतले पंधरा-पंधरा वर्षं मुरलेले लोक चकले होते. फिरवून छापलेल्या जोड्या तपासल्या, तर एकही जोडी फुटलेली नव्हती. रिकाम्या आकाशाचे वीस कागद होते. त्यातले सतरा सोमीनं "कोरं" म्हणून परत दिले, पण तीन 'गेली'मध्ये टाकले होते. कादंबरीनं त्या तीन जागांचे आणखी फोटो एकावर एक चढवले. दोन दिवस कॉम्प्युटर घरघरत होता. तिन्ही ठिकाणी काहीतरी उगवून आलं, ओल्या फडक्यानं पाटी पुसल्यावर राहतो तसा फराटा. तिथं कधीकाळी काहीतरी होतं.

ती खुर्चीत बसून राहिली. दुपारचं ऊन पडलेलं, खाली भाजीवाला ओरडतोय, आणि हिला हुडहुडी भरलेली.

एक मात्र जुळेना. काही अगदी गोल, नीटस, कुठंही न विस्कटलेल्या दीर्घिका सोमीनं 'गेली'त टाकल्या होत्या. ही चूक असणार म्हणून कादंबरीला उलट बरंच वाटलं. तिनं त्यातली एक पुढे करून विचारलं, की ही तर छान दिसतेय, ही कशी गेली.

"फोटूत हाय," सोमी म्हणाली. "तुमीच बोल्लात ना, फोटू जुना हाय, आता कशी हाय ते कुनाला ठाव नाय. म्हनून मी आताचं सांगितलं. आता नाय ती."

म्हणजे बाईनं फोटो निवडलेच नव्हते. फोटोतली वस्तू आज, या घडीला, आहे का नाही ते सांगत बसली होती. कादंबरी आधी खो खो हसली, कारण शोधनिबंधासाठी हे सगळं काम पाण्यात गेलं होतं. तपासता न येणारं उत्तर घेऊन करायचं काय? मग हसता हसता ती थांबली. वीस खोट्या तर तपासता आल्या होत्या, आणि ते तीन फराटेही.

पुढच्या सोमवारी तिनं जे केलं ते तिनं पुढे कधी सत्यजीतलाही सांगितलं नाही. सोनोग्राफीचा फोटो स्कॅन केला. काळ्याचं पांढरं केलं, पांढऱ्याचं काळं. कडेची अक्षरं उडवली, पत्त्याएवढा कापला, मागे क्रमांक घातला आणि साठ नव्या दीर्घिकांमध्ये पिसून टाकला. हीच बाई, जी सासूनं दृष्ट काढली की डोळे फिरवायची. आपण चोरी करतोय असं तिला वाटत होतं, आणि कुणाच्या घरची ते कळत नव्हतं.

सोमी सरासर कागद टाकत गेली. त्या कागदाशी तिचा हात जरा रेंगाळला. सोमीनं तो 'हाय'वर ठेवला आणि पुढचा उचलला.

त्या संध्याकाळी कादंबरीनं शिरा केला, तुपात थबथबलेला. सत्यजीतनं विचारलं, आज काय विशेष, तर म्हणाली, काही नाही, निबंधाचं जमतंय. त्यानं दोनदा घेतला. खूप दिवसांनी घरात गाणी लागली.

इथंच थांबायला हवं होतं, नाही का? पण ज्याला तपासायची सवय, त्याला एक उत्तर कधी पुरत नाही. प्रत्येक दीर्घिका दोनदा जाते, मग ही का नाही, असं तिनं स्वतःला पटवलं. बुधवारी तोच फोटो फिरवून, नव्या क्रमांकानं, दुसऱ्या गठ्ठ्यात घातला. तिला खात्रीच होती. सोमीची एकही जोडी आजवर फुटली नव्हती.

सोमीनं तो कागद उचलला आणि धरूनच बसली. पंखा फिरत होता. मग ती हळूच म्हणाली,

"ही परवाची. परवा व्हती ही."

आणि कागद 'गेली'वर ठेवला.

कादंबरी ताडकन उठली. तोच फोटो आहे तो, ती म्हणाली, तोच, फक्त फिरवलाय, एकच वस्तू आज आहे आणि उद्या नाही असं कसं चालेल, काम धड करायचं नसेल तर तसं सांग. आवाज चढत गेला. सोमी खाली मान घालून ऐकत होती. मग तिनं वर बघितलं, आधी कादंबरीच्या तोंडाकडे आणि मग पोटाकडे, आणि तिचा चेहराच उतरला.

"ही आभाळातली नाय," ती म्हणाली. "बाय, हे मला कशापायी दिलात? आमच्या वाडीत असं तोंडानं बोल्ली की बाईला भुताळी म्हनत्यात. कागद हाय म्हनून मी हात चालवला."

कादंबरीनं तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. सोमीनं पदर खोचला, गठ्ठे नीट रचून ठेवले आणि गेली. कादंबरी बाथरूममध्ये जाऊन बघून आली. काहीच नव्हतं. ना दुखणं, ना डाग. अडाणी बाई, म्हणत ती स्वतःला दटावत राहिली. सत्यजीत घरी आला तेव्हा ती हसून बोलली. गुरुवारचा अख्खा दिवस ती तशीच वावरली, पोटावर हात ठेवायचं मात्र टाळत.

शुक्रवारी डॉक्टर दमयंतींनी बराच वेळ यंत्र फिरवलं. मग सत्यजीतला आत बोलावलं. ठोके नव्हते. सत्यजीतनं कसंबसं विचारलं, कधी झालं असेल. मापावरून दोन-तीन दिवस, असं डॉक्टर म्हणाल्या. कादंबरीनं मनातल्या मनात दिवस मोजले आणि डोळे मिटून घेतले. ती रडली नाही. पहिल्या दोन वेळाही रडली नव्हती.

बारा दिवसांनी तिनं रिक्षा केली आणि नेऱ्याला गेली. सोमीची वाडी पुढे डोंगराच्या पायाशी. अर्धी घरं कुलूपबंद, माणसं भट्ट्यांवर गेलेली. सोमी ओट्यावर मोहाची पानं वाळवत बसली होती. तिनं बघितलं, पण उठली नाही. कादंबरीनं सरळ माफी मागितली. चूक माझी होती, तुझी नव्हती, म्हणाली. सोमीनं मान हलवून बाजूला जागा करून दिली. रागावलेली नव्हती, घाबरलेली होती.

मग कादंबरीनं पर्समधून तो कागद काढला. हे विचारायलाच ती आली होती. सहा वर्षं जे आकाशाला विचारलं, ते विचारण्याचं धाडस तिला इथं होत नव्हतं. उत्तर ऐकून पुढे जगायचं कसं हेही तिला ठाऊक नव्हतं.

"मावशी, ती आपली आपण गेली," ती म्हणाली, "की मी ओढली?"

सोमी नको म्हणाली. हात मागे घेतला. कादंबरी कागद तसाच पुढे धरून राहिली. शेवटी सोमीनं तो घेतला, उन्हाकडे धरला आणि भट्टीवरची वीट बघावी तसा उलटसुलट करून बघितला. खूप वेळ. कोंबडी येऊन पानांत पाय घालून गेली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"ओढ नाय हिच्यावर," ती अखेर म्हणाली. "कुनी नाय ओढली हिला. हिच्या अंगातच बळ नव्हतं, बाय." आणि कागद परत देताना, सहज, पानांकडे वळता वळता म्हणाली, "तिगींवरबी नाय."

कादंबरीनं तिला एकीचंच सांगितलं होतं. पहिल्या दोघींबद्दल या बाईपाशी तिनं कधी चकार शब्द काढला नव्हता. उन्हात बसल्या बसल्या तिच्या मानेवरचे केस उभे राहिले. पण उठून पळावंसं तिला वाटलं नाही. ती त्या ओट्यावर, सोमीच्या बाजूला, कागद उराशी धरून बसली आणि तिघींसाठी एकदमच रडली.